कर्मचाऱ्यांचं रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्कशॉपवाले, दुकानदार, छोटे दवाखाने, हाउसिंग सोसायट्यांचे सचिव आणि नुकतीच एचआरची जबाबदारी अंगावर पडलेली तरुण मंडळी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या खासगी आस्थापनांना धरून आहेत. केंद्रीय कायद्यांबद्दलचा भाग गोव्यातही तसाच लागू होतो. सरकारी नोकरांच्या सेवापुस्तकाचे नियम वेगळे असतात, ते इथे घेतलेले नाहीत.

१. कर्मचाऱ्याचं रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय काय?

तीन गठ्ठे डोळ्यांसमोर ठेवा. पहिला माणसाचा: अर्ज, नेमणूकपत्र, ओळख आणि वयाचे पुरावे, नामनिर्देशन, पगारवाढीची पत्रं, रजेचे अर्ज, मेमो, राजीनामा, कार्यमुक्तीचं पत्र, हिशेब पूर्ण झाल्याची पावती. दुसरा महिन्याचा: मस्टर (हजेरीपट), पगारपत्रक, ओव्हरटाइम, कपाती, बँकेत पगार जमा केल्याची यादी. तिसरा सरकारी भरण्याचा: पीएफ आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) चलनं, व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी, टीडीएसची विवरणपत्रं.

गठ्ठे वेगळे ठेवायचं कारण साधं आहे. तिन्हींचं आयुष्य वेगळं असतं. सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलं, की एक कागद जपायचा म्हणून शंभर जपावे लागतात, किंवा नव्व्याण्णव फेकताना शंभरावाही जातो.

२. एवढं सगळं वाचायला वेळ नाही. एक आकडा सांगा.

महिन्याच्या नोंदी आणि भरण्याची कागदपत्रं आठ आर्थिक वर्षं ठेवा. माणसाची फाइल तो नोकरीत असेपर्यंत आणि सोडून गेल्यावर पुढची आठ वर्षं ठेवा. प्रत्येकाच्या सेवेचा एक पानी गोषवारा कायमचा ठेवा. याला अपवाद आहेत, त्यातला सगळ्यात मोठा प्रश्न १० मध्ये आहे.

आठ हा आकडा सगळ्या कायद्यांत लिहिलेला नाही. वेगवेगळ्या कायद्यांच्या मुदती तीन, पाच, सहा, आठ अशा आहेत. प्रत्येक रजिस्टरला वेगळी मुदत लावत बसण्यापेक्षा सगळ्यात लांब मुदत एकदाच धरली, तर छोट्या ऑफिसात चूक होत नाही, असं माझं मत आहे.

३. कायद्यात तीन वर्षं लिहिलंय असं आमचे अकाउंटंट सांगतात. मग जास्त कशाला?

अकाउंटंट बरोबर सांगतात. वेतन प्रदान अधिनियम १९३६ मध्ये रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षं जपायला सांगितलं होतं. किमान वेतनाच्या आणि कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांतही तीनच वर्षं होती. पण ती रजिस्टर न फाडण्याची किमान मुदत आहे. त्यानंतर तुम्हाला कोणी काही विचारणारच नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही.

खरा मुद्दा पुराव्याच्या जबाबदारीचा आहे. पगाराचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेत (प्रश्न ४ पाहा) स्पष्ट म्हटलं आहे, की पगार किंवा बोनस मिळाला नाही, कमी मिळाला किंवा बेकायदा कपात झाली असा दावा कामगाराने केला, तर पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. दावा करायला तीन वर्षं आहेत आणि उशिराचं कारण पटलं तर प्राधिकारी त्यानंतरही दावा घेऊ शकतात. म्हणजे बरोबर तीन वर्षांनी मस्टर रद्दीत घालणारा मालक, पैसे खरोखर दिलेले असूनही, रिकाम्या हाताने उभा राहतो. प्रामाणिकपणे पगार दिलेल्या माणसावर ही वेळ आलेली पाहिली की फार वाईट वाटतं. हा भाग एवढा लांबवून लिहिण्याचं कारण तेच आहे.

४. नवीन चार कामगार संहिता आल्या. आता जुनं रेकॉर्ड टाकून दिलं तर चालेल ना?

नाही. वेतन संहिता २०१९ आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा या विषयांच्या २०२० च्या तीन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. पण त्या तारखेआधी जे हक्क आणि देणी निर्माण झाली, ती कायदा रद्द झाल्याने पुसली जात नाहीत. २०२३ चा ओव्हरटाइम २०२३ च्या कायद्यानेच तपासला जाईल. त्याचा पुरावा २०२३ चं मस्टर.

उलट संहितांमुळे काही कागदांचं महत्त्व वाढलं. नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे, त्यामुळे त्याची सही केलेली प्रत तुमच्याकडे हवीच. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, म्हणून दीड वर्षं काम करून गेलेल्याची फाइलही आता किरकोळ समजता येत नाही. आणि वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. पगारपत्रकात फक्त हातात पडलेली रक्कम लिहून आता भागणार नाही. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, बाकीचे भत्ते आणि प्रत्येक कपात वेगवेगळी दिसली पाहिजे.

नोंदी न ठेवल्या किंवा नीट ठेवल्या नाहीत, तर वेतन संहितेत दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दंड सोसता येतो. पुरावा नसल्यामुळे दुसऱ्यांदा द्यावी लागणारी रक्कम मात्र कितीही मोठी असू शकते.

५. तीन वर्षं, आठ वर्षं, पण मोजायची कुठून?

रजिस्टरची मुदत त्यातल्या शेवटच्या नोंदीपासून धरतात, पहिल्या नोंदीपासून नाही. एकच जाडजूड मस्टर एप्रिल २०१६ ते मार्च २०२३ असं सात वर्षं वापरलं, तर त्याचं पहिलं पानसुद्धा मार्च २०२३ पासून पुढची मुदत भरेपर्यंत जपावं लागतं. म्हणून दर १ एप्रिलला नवं रजिस्टर सुरू करा आणि जुन्याच्या पुठ्ठ्यावर 'अमुक तारखेआधी नष्ट करू नये' असं ठळक लिहा.

माणसाच्या फाइलची मुदत नोकरी संपल्यावर सुरू होते. आणि राजीनाम्याच्या तारखेपेक्षा शेवटची रक्कम दिल्याची तारीख धरणं जास्त सुरक्षित आहे. वेतन संहितेप्रमाणे हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. प्रत्यक्षात तो रेंगाळला असेल, तर मुदतही तिथूनच मोजा.

६. माझ्या दुकानात चारच माणसं आहेत. मलाही हे सगळं लागू आहे का?

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नको, फक्त माहिती कळवायची, असं होतं. २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीसवर नेली. त्यामुळे बरेच दुकानदार समजतात की आपल्याला काहीच लागू नाही. पण वेतन संहितेला माणसांच्या संख्येची अट नाही. एकच नोकर असला, तरी त्याच्या पगाराचा पुरावा तुमच्याकडे हवा.

सूट एवढीच आहे, की शेतीच्या किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्याला रजिस्टर ठेवायची सक्ती नाही. तपासणीला कोणी आलं, तर पगार दिल्याचा वाजवी पुरावा मात्र दाखवावा लागतो.

चार माणसांच्या दुकानाला एक वही पुरते. नाव, रुजू झाल्याची तारीख, रोजची हजेरी, महिन्याचा पगार, उचल, सही. पगार शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा, 'जून पगार' असा. रोख देत असाल आणि रक्कम पाच हजारांच्या वर असेल, तर रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही घ्या. अंगठा घेतला, तर शेजारी साक्षीदाराचं नाव आणि सही.

७. पीएफचे कागद किती वर्षं ठेवायचे?

इथे मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. १९५२ च्या पीएफ कायद्यात थकबाकी ठरवायच्या चौकशीला कालमर्यादाच नव्हती, आणि उशिरा आकारलेल्या नुकसानभरपाईलाही मुदतीचा कायदा आड येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं. सामाजिक सुरक्षा संहितेने आता अशी चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. ही मोठी सोय आहे. पण केवळ तिच्या भरवशावर जुनी चलनं जाळू नका.

कारण थकबाकीपेक्षा पेन्शनचा प्रश्न मोठा आहे. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचा वाढीव पेन्शनचा निकाल आला आणि कर्मचाऱ्यांनी संयुक्त पर्यायाचे, म्हणजे मालकाच्या संमतीसह करायचे, अर्ज भरले. ते मंजूर व्हायला मालकांनी जुन्या पगाराचा तपशील देणं गरजेचं होतं. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ची, म्हणजे कित्येकांच्या बाबतीत तिथपासूनचा. मालकांना तपशील भरण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, शेवटी ३१ जानेवारी २०२५ पर्यंत. हा तपशील शोधताना कितीतरी ऑफिसांची दमछाक झाली. ज्यांच्याकडे पीएफच्या वर्गणीचे जुने वार्षिक ३अ आणि ६अ फॉर्म होते, त्यांचं काम सोपं झालं.

२०१२ पासून ईसीआर (चलन आणि विवरणपत्र एकत्र) पद्धतीने महिन्याची माहिती ऑनलाइन जाते, त्यामुळे त्यानंतरचं बरंच काही पोर्टलवर मिळतं. त्याआधीचे कागद हातात असतील, तर ते कायमचे ठेवा. स्कॅन करून ठेवले तरी चालतील, पण ठेवाच.

८. ईएसआय आणि अपघात?

ईएसआयची रजिस्टरं आणि अपघाताची नोंदवही पाच वर्षं. ईएसआयची थकबाकी ठरवायलाही पाच वर्षांचीच मर्यादा आहे. ईएसआय लागू नसलेल्या ठिकाणी कामगार नुकसानभरपाईचा दावा घटनेपासून दोन वर्षांत करायचा असतो, पण उशीर माफ होऊ शकतो. म्हणून अपघाताची फाइल, म्हणजे पंचनामा, डॉक्टरांचे कागद, त्या दिवशीचं मस्टर, यंत्राच्या दुरुस्तीची नोंद, इतर अपघातरजिस्टरपासून बाजूला काढून ठेवा. कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू झाला असेल, तर ती नष्ट करूच नका.

९. ग्रॅच्युइटी, बोनस, आयकर यांचं काय?

ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटच्या पगाराला २६ ने भागून, १५ ने गुणून, वर्षांनी गुणायचा असा आहे. कमाल रक्कम २० लाख. शेवटचा पगार सगळ्यांना माहीत असतो, वाद होतो तो वर्षांवर. १९९६ ला लागलेल्या माणसाची रुजू तारीख आणि मधले खंड दाखवायला नेमणूकपत्र आणि प्रश्न २० मधला गोषवारा लागतो. नामनिर्देशनाचा मूळ फॉर्म रक्कम देऊन झाल्यावरही आठ वर्षं ठेवा. माणूस वारल्यावर घरातले दोन दावेदार समोर आले, तर तोच एक कागद तुमच्या बाजूने बोलतो.

बोनसच्या हिशेबात एका वर्षाची शिल्लक किंवा तूट पुढच्या चार हिशेबी वर्षांपर्यंत ओढली जाते. त्यामुळे यंदाच्या दिवाळीच्या बोनसचं गणित समजायला मागची पत्रकं लागतात.

कंपनी असेल तर कंपनी अधिनियम २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर किमान आठ आर्थिक वर्षं ठेवायचीच, आणि पगारपत्रक हे त्यातलंच व्हाउचर आहे. प्रोप्रायटर किंवा भागीदारी असली तरी टीडीएसमुळे मुदत जवळपास तिथेच जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात शेवटच्या दुरुस्तीनंतर, टीडीएस कापला नाही म्हणून मालकाविरुद्ध आदेश काढायला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा वर्षं होती, आणि दुरुस्तीचं विवरणपत्र भरलं असेल तर त्याहून जास्त. कर्मचाऱ्याने घरभाड्याच्या पावत्या आणि गुंतवणुकीचे पुरावे दिले असतील, तर तेही याच गठ्ठ्यात.

१०. आमच्याकडे रसायनांचं काम चालतं. तपासणीचे मेडिकल रिपोर्ट किती दिवस ठेवायचे?

दिवसांत नाही, दशकांत मोजा. अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ ला आदेश दिला, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर अथवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. कारण वैद्यकीय आहे. अॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेल्यावर आजार उघड व्हायला वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त वर्षं लागतात. तोपर्यंत कामगार निवृत्त होऊन गावी गेलेला असतो, कारखाना कदाचित बंद झालेला असतो. त्याचं दुखणं कामामुळे झालं हे सांगायला जुन्या तपासण्यांइतका पुरावा दुसरा नाही.

आदेश अॅस्बेस्टॉसचा असला, तरी सिलिकाची धूळ, शिसं, क्रोमियम, बेंझिन, कीटकनाशकं अशा कामांत हीच मुदत पाळावी असं माझं ठाम म्हणणं आहे. धोकादायक प्रक्रियांतल्या कामगारांच्या आरोग्यनोंदी ठेवणं कारखाने अधिनियमातही मालकाचं कर्तव्य होतं, आणि आपली नोंद पाहण्याचा हक्क कामगाराला होता. त्याला दर तपासणीची प्रत हातात द्या. तुमच्या कपाटापेक्षा त्याच्या घरात ती जास्त टिकेल, आणि ती आहे त्याचीच.

साध्या ऑफिसातल्या आजारपणाच्या रजेची सर्टिफिकेटं यात येत नाहीत. त्यांना रजेच्या नोंदीइतकंच आयुष्य.

११. आमच्या सोसायटीत वॉचमन एजन्सीचे आहेत. रेकॉर्ड एजन्सीने ठेवायचं की आम्ही?

मूळ रजिस्टर एजन्सीचं. पण एजन्सीने पगार किंवा पीएफ बुडवला, तर बोट तुमच्याकडे वळतं, कारण काम तुमच्या आवारात, तुमच्यासाठी चालतं. कंत्राटदार पळून गेल्यावर वसुलीची नोटीस हाती येणारे सोसायट्यांचे सचिव आणि कारखान्यांचे मॅनेजर आम्हाला वर्षातून अनेकदा फोन करतात.

म्हणून दर महिन्याचं बिल पास करण्याआधी चार गोष्टींची प्रत घ्या: हजेरी, पगारपत्रक, बँकेतून पगार दिल्याची यादी, आणि पीएफ-ईएसआयचं चलन नावांच्या यादीसह. नुसतं चलन पाहून समाधान मानू नका. एकाच चलनात एजन्सीच्या दहा ठिकाणांची माणसं असतात आणि तुमचा वॉचमन त्यात नसूही शकतो. कंत्राट संपल्यावर हा गठ्ठा आठ वर्षं. कमिटी बदलली, की नव्या सचिवाला यादी करून, सही घेऊन द्या. बहुतेक सोसायट्यांचं रेकॉर्ड हरवतं ते तिथेच.

१२. सगळं स्कॅन केलं. आता मूळ कागद टाकू का?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवलेलं रेकॉर्ड चालतं. अट अशी, की ते पुढेही उघडता आलं पाहिजे, त्यात बदल झालेला नसावा, आणि कधी, कुठून आलं हे कळलं पाहिजे. त्यामुळे मस्टर, पगारपत्रकं, रजेचे अर्ज, चलनं यांचे नीट स्कॅन पुरतात.

ज्या कागदावर समोरच्याची सही हाच मुद्दा आहे, तो मात्र मूळच ठेवा. नेमणूकपत्राची पोच, नामनिर्देशन, राजीनामा, मेमोची पोच, चौकशीचे कागद, हिशेब मिळाल्याची पावती. 'ही सही माझी नाही' असं कोर्टात म्हटलं गेलं, तर हस्ताक्षरतज्ज्ञाला शाईचा कागद लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक) येतं. हे काम वाद सुरू झाल्यावर घाईने करण्यापेक्षा स्कॅन करतानाच शिस्त लावलेली बरी.

हजेरीचं सॉफ्टवेअर बदलण्याआधी जुना डेटा साध्या तक्त्यात आणि पीडीएफमध्ये काढून घ्या. जुन्या कंपनीचं लायसन्स संपलं, की तुमचीच हजेरी तुम्हाला दिसत नाही.

१३. केस चालू आहे आणि मुदत संपली. नष्ट करू का?

अजिबात नाही. नोटीस, युनियनचं पत्र, समेट अधिकाऱ्याचं बोलावणं, पोलिसांची विचारणा, यातलं काहीही आलं, की त्या माणसाशी आणि त्या काळाशी संबंध असलेलं सगळं रेकॉर्ड थांबवायचं. अंतिम निकाल लागून अपिलाची मुदत उलटेपर्यंत ते हलत नाही. औद्योगिक विवाद कायद्याखालच्या प्रकरणांना मुदत अधिनियमातली तीन वर्षांची अट लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं होतं, आणि त्या काळातली कित्येक प्रकरणं अजून कामगार न्यायालयांत आहेत. कोर्टाने मागितलेलं मस्टर तुम्ही दिलं नाही, तर त्यातली माहिती तुमच्या विरोधात होती असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो.

१४. लैंगिक छळाच्या तक्रारीची फाइल कोणाकडे आणि किती वर्षं?

अंतर्गत समितीकडे, बंद लिफाफ्यात. कर्मचाऱ्याच्या सर्वसाधारण फाइलमध्ये कधीच नाही. २०१३ च्या कायद्यात तक्रारदार, साक्षीदार आणि चौकशीचा तपशील उघड करायला मनाई आहे. नेहमीच्या फाइलला एचआर, अकाउंट्स, कधी सीएची माणसंही हात लावतात. फाइलमध्ये फक्त झालेल्या कारवाईचा आदेश राहू द्या.

किती वर्षं, हे कायद्यात लिहिलेलं नाही. माझा सल्ला: दोघांपैकी एकही जण तुमच्याकडे काम करत असेपर्यंत आणि त्यानंतर आठ वर्षं. तक्रार सिद्ध झाली नाही तरी तेवढीच. समितीचे सदस्य तीन वर्षांनी बदलतात, तेव्हा लिफाफे मोजून ताब्यात द्या.

१५. निवड न झालेल्या उमेदवारांचे अर्ज?

सहा महिने ते वर्षभर, मग नष्ट. पुढच्या भरतीसाठी ठेवायचे असतील तर त्यांना विचारा.

१६. मूळ मार्कशीट किंवा पासपोर्ट ठेवून घेतला तर माणूस सोडून जात नाही. चालेल का?

नाही. पडताळून प्रत घ्या आणि मूळ त्याच मिनिटाला परत करा. आज तुमच्या कपाटात असा कागद असेल, तर मुदतीचा प्रश्नच येत नाही. तो उद्या परत द्या.

१७. बोटांचे ठसे आणि सीसीटीव्ही?

ठशाचा साचा आणि हजेरीची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस सोडून गेला की मशीनमधून त्याचा ठसा लगेच काढून टाका. त्याची हजेरी आठ वर्षं ठेवा. फुटेज साधारण महिनाभराने आपोआप पुसलं जातं आणि तेवढं पुरे. अपघात, चोरी किंवा तक्रार झाली, तर तेवढा भाग त्याच दिवशी वेगळा काढा. नंतर शोधायला गेलात तर मिळणार नाही.

१८. गरजेपेक्षा जास्त वर्षं ठेवणंही बेकायदा आहे असं ऐकलं. खरं का?

त्या दिशेने निघालो आहोत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ प्रमाणे ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, की ती पुसायची. दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तेवढाच अपवाद. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मालकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील अशी त्यात तरतूद आहे. माहिती सुरक्षित न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला हा कायदा मोकळीक देतो. म्हणून पगाराच्या नोंदी पुसून टाका असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. धोका आहे तो फालतू साठ्यात: सोडून गेलेल्यांच्या कुटुंबीयांची आधारकार्डं, व्हॉट्सअॅपवर आलेले पॅनचे फोटो, ऑफिसच्या कॉमन कॉम्प्युटरवर पडलेले बँक पासबुकचे स्कॅन. त्यांची साफसफाई आजच सुरू करा.

१९. पुरात सगळ्या फाइल्स गेल्या. आता?

२००५ ला मुंबईत, २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत, २०२१ ला चिपळूणला अशी वेळ अनेकांवर आली. सगळ्यात आधी पंचनामा आणि पोलिसांत नोंद करून घ्या. भिजलेल्या गठ्ठ्यांचे फोटो काढा. पीएफ, ईएसआय आणि कामगार कार्यालयाला काय काय गेलं त्याची यादी जोडून पत्र द्या आणि पोच घ्या. सहा महिन्यांनी नोटीस आल्यावर 'पुरात गेलं' म्हणणं आणि त्याच आठवड्यात कळवणं यात फार फरक पडतो.

मग जोडाजोड. पीएफ पोर्टलवरून ईसीआर, ईएसआय पोर्टलवरून हप्त्यांचा इतिहास, आयकराच्या पोर्टलवरून टीडीएसची विवरणपत्रं, बँकेकडून खातेउतारे, सीएंकडून ऑडिटच्या प्रती, आणि कर्मचाऱ्यांकडून त्यांनी जपलेल्या पगाराच्या स्लिपा. बँक जुने उतारे कायम ठेवत नाही, म्हणून तिथे आधी जा. ओले कागद उन्हात एकदम टाकू नका, पानं चिकटतात. पंख्याखाली, मधे कोरे कागद घालून वाळवा.

२०. पंधरा वर्षांपूर्वी सोडून गेलेला माणूस दाखला मागतोय. द्यायलाच हवा का?

फाइलची मुदत संपली असली, तरी देता येण्यासारखा असेल तर द्या. मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण समोर आहे. जानेवारी १९८२ चा संप होऊन चार दशकं उलटल्यावर म्हाडाच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांची आणि वारसांची पात्रता तपासायची वेळ आली, आणि अट होती १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत काम केल्याचा पुरावा. तिकीट नंबर, हजेरीचं कार्ड, पीएफचा नंबर, ईएसआयचं कार्ड, ग्रॅच्युइटीची पावती, जे सापडेल ते घेऊन लोक आले. ज्याच्या घरात आजोबांचा एक जीर्ण पास उरला होता, त्याला आशा होती. शेजारच्या लूमवर तेवढीच वर्षं काम केलेल्याच्या घरात काही उरलं नव्हतं.

म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याचा एक पानी गोषवारा कायमचा ठेवा: पूर्ण नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदं, प्रत्येक वर्षी भरलेले दिवस, दर वर्षीचा पगार, पीएफचा यूएएन, ईएसआय क्रमांक, शेवटी दिलेल्या रकमा. मस्टर आठ वर्षांनी जाऊ शकतं, हे पान जाता कामा नये. पाचशे माणसांचे गोषवारे एका पेटीत मावतात. आणि माणूस सोडून जाताना त्याची एक प्रत सही-शिक्क्यासह त्याच्या हातात द्या.

२१. धंदा विकतोय. रेकॉर्ड नव्या मालकाला द्यायचं का?

माणसं त्याच्याकडे जात असतील तर हो, यादी करून आणि पोच घेऊन. पण स्वतःकडे पूर्ण स्कॅन ठेवा. हस्तांतरणाच्या तारखेपर्यंतच्या पीएफच्या देण्याला जुना आणि नवा असे दोघेही जबाबदार धरले जातात. विक्रीच्या करारात 'गरज पडल्यास रेकॉर्ड पाहू देईन' असं कलम घाला. धंदा बंद करत असाल, तर रेकॉर्ड कोणाच्या घरी आहे हे पीएफ कार्यालयाला लेखी कळवा आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाला गोषवारा द्या.

२२. मुदत संपली. रद्दीवाल्याला देऊ?

आधी यादी करा: कोणतं रजिस्टर, कोणता काळ, मुदत कधी संपली. चालू वाद नाही ना (प्रश्न १३), आरोग्यनोंदी मिसळल्या नाहीत ना (प्रश्न १०), गोषवारा काढला ना (प्रश्न २०), हे तिन्ही तपासा. मालक किंवा संचालकाची सही घ्या. मग कागद श्रेडरमधून काढा किंवा समोर उभं राहून लगदा करून घ्या. पगारपत्रकात नाव, खातेनंबर, पॅन सगळं असतं. तसला कागद रद्दीतून बाहेर जाऊन त्यात भजी बांधली जाणं ही तुमच्या माणसांशी केलेली बेपर्वाई आहे. नष्ट केल्याची यादी स्वतः मात्र कायम ठेवा. स्कॅन, बॅकअप आणि जुन्या हार्ड डिस्कही याच यादीत धरा.

२३. आधीच्या मॅनेजरने मस्टरच ठेवलं नव्हतं. इन्स्पेक्शन आलंय. मागच्या तारखा घालून तयार करू का?

करू नका, कितीही दबाव आला तरी. एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली तीन वर्षांची हजेरी अनुभवी अधिकाऱ्याला लगेच ओळखू येते. आतापर्यंत नोंदी न ठेवल्याची चूक होती, ती एका रात्रीत बनावट दस्तऐवजाचा गुन्हा होते. शिवाय घाईत सुट्टीच्या दिवशीही हजेरी लागते, आणि तोच कागद पुढे ओव्हरटाइमच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

त्याऐवजी आजच्या तारखेचं विवरणपत्र तयार करा. वर स्पष्ट लिहा: 'मूळ हजेरीपट उपलब्ध नाही. पुढील माहिती बँक उतारे, पीएफ-ईएसआय विवरणपत्रं व कर्मचाऱ्यांकडील पगारचिठ्ठ्यांवरून आज संकलित केली आहे.' प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते नमूद करा. कर्मचाऱ्यांना दाखवा, पटलं तर सह्या घ्या, पटलं नाही तर त्यांचं म्हणणं तिथेच लिहून घ्या. कोणाची रक्कम कमी दिली गेल्याचं यातून दिसलं, तर इन्स्पेक्शनच्या तारखेआधी ती बँकेतून जमा करा आणि व्यवहाराची प्रत विवरणपत्राला जोडा. त्याच दिवसापासून नवं मस्टर सुरू करा.